हळदीचा दोष नव्हता

दर साली उन्हाळा लागला की राजधानी ग्वाल्हेरहून इंदूरला यायची, आणि राजधानीबरोबर जयसिंगराव जगदाळे घरी यायचे.

मध्यभारत राज्य झालं तेव्हा ग्वाल्हेरलाही राजधानी हवी होती आणि इंदूरलाही. मग तोड निघाली, की उन्हाळ्यापावसाळ्याचे चार-साडेचार महिने इंदूर आणि बाकीचं वर्ष ग्वाल्हेर. मंत्री हलायचे, साहेब हलायचे, कारकून हलायचे आणि लाकडी पेट्यांतून कागद हलायचे. जयसिंगराव महसूल खात्याचं दफ्तर सांभाळायचे. कुठल्या पेटीत काय आहे याची यादी ते स्वतःच्या अक्षरात लिहून झाकणाला आतून चिकटवायचे. इंदूरला पेटी उघडली की ग्वाल्हेरला ठेवलेला कागद ठेवला तसाच निघायचा. याचा त्यांना अभिमान होता.

घरी मात्र तसं होत नव्हतं. सात-आठ महिन्यांनी दार उघडलं की बायको ठेवून गेलो तशी सापडायची नाही. दर वेळी थोडी जास्त वाळलेली, थोडी काळवंडलेली, थोडी जास्त पिवळी.

चोपन्न सालच्या चैत्रातही तसंच झालं. राजवाड्यामागच्या गल्लीत टांगा थांबला. जयसिंगराव वळकटी घेऊन उतरले. कुमुदिनी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि मग अंगणात उन्हात जाऊन उभी राहिली. तिला ठाऊक होतं आता काय होणार ते. जयसिंगरावांनी वळकटी भिंतीला टेकवली, तिच्यापाशी गेले आणि अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढून डोळ्याचं पांढरं बघू लागले.

"घ्या," अक्कासाहेब ओसरीवरून म्हणाल्या. "आजोबा होळकरांच्या पागेत घोड्याचे दात बघायचे, नातू बायकोचे डोळे बघतोय. अरे, आधी पाणी तरी पी."

अक्कासाहेब म्हणजे जयसिंगरावांची थोरली बहीण आनंदीबाई. वीस वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी आल्या त्या इथेच राहिल्या. घरात मूलबाळ नव्हतं. एक झालं होतं ते तीन महिन्यांचं होऊन गेलं. तेव्हापासून ही तीन माणसं.

डोळे गेल्या वर्षीपेक्षा पिवळे होते. आणि नाकाच्या बाजूला, पापण्यांच्या कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्यासारखे पिवळे उंचवटे आले होते. ते पूर्वी नव्हते.

"पथ्य पाळलंस ना?"

"हो," कुमुदिनी म्हणाली आणि आत गेली.

याची सुरुवात झाली त्याला आता चार वर्षं होऊन गेली होती. पहिल्यांदा नुसती खाज होती. तळहाताला आणि तळपायाला. त्याच हिवाळ्यात जयसिंगरावांनी सुट्टीत येताना ग्वाल्हेरहून एक रजई आणली होती, त्यामुळे सगळ्यांनी रजईला दोष दिला. रजई उन्हात टाकली, झोडपली, शेवटी धोबिणीला देऊन टाकली. धोबिणीला काही झालं नाही. कुमुदिनीची खाज मात्र हातापायांवरून पाठीवर गेली. लाकडी फणीनं ती पाठ खाजवायची. पाहुणे आले की फणी पदराखाली घेऊन आत जायची, आणि बाहेर येताना डोळे पुसून यायची. अंगावर पुरळ नाही, गजकर्ण नाही, काही नाही. कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळी झाल्या, गंधकाचं मलम झालं. मग दुसऱ्या वर्षी डोळे पिवळे झाले, आणि सगळ्यांना वाटलं, चला, कळलं एकदाचं. कावीळ.

इंदूरजवळच्या राऊला एक म्हातारे वैद्य होते. त्यांनी तेल बंद केलं, तिखट बंद केलं, मटण बंद केलं. उसाचा रस आणि मुळ्याच्या पाल्याचा रस सांगितला. हळदीचं ते काही बोलले नव्हते. ती जयसिंगरावांनी आपली आपण बंद केली. हुकमात तीन बाबी असल्या की आपल्याकडून एक चौथी घालायची, म्हणजे पुढे कोणी बोट ठेवत नाही, ही त्यांची कचेरीतली सवय. अंग पिवळं होतंय, तर पिवळं पोटात कशाला घालायचं? आणि पोटात नाही, तर अंगाला तरी कशाला लावायचं?

त्याच चैत्रात, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, समोरच्या शारदाबाई शेळक्यांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. कुमुदिनी ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली तेव्हा जयसिंगराव म्हणाले, "नुसतं कुंकू लावा म्हणावं. हळद नको."

कुमुदिनी थांबली. "हळदीकुंकवाला जायचं आणि हळद नको म्हणायचं?"

"बरं होईपर्यंत."

अक्कासाहेब तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मला सतरा वर्षं झाली हळद लागून," त्या म्हणाल्या. "पण मला नवरा नाही. नवरा जिवंत असून बिनहळदीची बाई मी ही पहिलीच पाहतेय."

हे वाक्य जयसिंगरावांना लागलं. पण त्यांनी हुकूम फिरवला नाही. कुमुदिनी गेली, नुसतं कुंकू लावून आली. बायकांनी का म्हणून विचारलं असेल, तिनं सांगितलं असेल. दुसऱ्या वर्षी बोलावणं आलं पण ती गेली नाही. तिसऱ्या वर्षी बोलावणंच आलं नाही. कावीळ घरोघर फिरते, तिच्या हातचं काही घ्यायला नको, असं गल्लीत कोणीतरी बोललं आणि ते सगळ्यांना पटलं.

जयसिंगराव आपल्या हुकमाला चिकटून राहिले याला कारण होतं. ते इंदूरला असले की कुमुदिनीला जरा बरं वाटायचं. खाज कमी व्हायची, चार घास जास्त जायचे. ते ग्वाल्हेरला गेले की हिवाळ्यात सगळं पुन्हा वाढायचं. तीन वर्षं त्यांनी हे पाहिलं होतं. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर पथ्य नीट होतं आणि आपल्या मागं ढिलं पडतं, असा त्यांनी हिशेब बांधला. ग्वाल्हेरहून दर आठवड्याला ते कार्ड टाकायचे. त्यात शेवटी एकच प्रश्न असायचा, पथ्य चालू आहे ना? दर आठवड्याला उत्तर यायचं, पथ्य चालू आहे.

पण या वर्षीचे ते पिवळे दाणे पाहून ते घाबरले. कुमुदिनीला कंबरेतही सारखं दुखत होतं, खाली बसली की उठताना भिंत धरावी लागायची. जयसिंगराव तिला तुकोगंजातल्या डॉक्टर बाळकृष्ण मुळ्यांकडे घेऊन गेले. मुळ्ये मुंबईला शिकून आलेले, वयानं तिशीचे, बोलायला सरळ. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त काढून घेतलं, लघवी आणि शौचाचा रंग विचारला. तो विचारल्यावर कुमुदिनी नवऱ्याकडे बघू लागली. जयसिंगराव उठून बाहेर गेले, तेव्हा ती बोलली.

"पित्ताच्या वाटेत काहीतरी अडथळा आहे," डॉक्टर म्हणाले. "खडा असू शकतो. खडा असेल तर काढता येईल. पोट उघडल्याशिवाय कळायचं नाही."

खडा हा शब्द ऐकून जयसिंगरावांना चार वर्षांत पहिल्यांदा हायसं वाटलं. खडा म्हणजे वस्तू. वस्तू असली की सापडते, आणि सापडली की बाहेर काढता येते. ते खजराण्याच्या गणपतीला गेले. तिथे नवस बोलताना भिंतीवर उलटं स्वस्तिक काढतात आणि काम झालं की सुलटं काढायला परत जातात. जयसिंगरावांनी उलटं काढलं आणि म्हणाले, देवा, माझ्या बायकोच्या पोटात खडा निघू दे. आपण काय मागतोय हे त्यांना परत येताना कळलं, आणि स्वतःचंच हसू आलं.

ऑपरेशन मोठ्या इस्पितळात झालं. टाके निघाले, कुमुदिनी घरी आली. मग डॉक्टर मुळ्यांनी जयसिंगरावांना एकट्याला बोलावलं.

"खडा निघाला?" जयसिंगरावांनी बसायच्या आधीच विचारलं.

"नाही. बसा, जगदाळेसाहेब."

दवाखान्याच्या खिडकीबाहेर भिंतीच्या फटीतून एक पिंपळ उगवला होता. डॉक्टरांनी हात बाहेर काढून त्याचं एक पान तोडलं आणि टेबलावर ठेवलं.

"हा देठ बघा. ही समजा मोठी पित्तनळी, यकृतातून आतड्याकडे जाणारी. खडा अडकतो तो बहुतेक इथे. सर्जननी पोट उघडून पाहिलं, ही नळी मोकळी आहे. काढण्यासारखं तिथे काहीच नाही." मग त्यांनी पानाच्या कडेच्या बारीक शिरांवरून पेन्सिल फिरवली. "दुखणं इथे आहे. यकृतात अशा बारीक नळ्या असतात, या पानात दिसतात त्याहून कितीतरी जास्त, केसाहून बारीक. यकृत पित्त तयार करतं, ते या नळ्यांतून गोळा होत देठापर्यंत येतं. वहिनींच्या या बारीक नळ्या सुजतात आणि एकेक करून बुजून जातात. बाहेरून दिसत नाही. यकृताचा कणभर तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली पाहिला, तेव्हा कळलं."

जयसिंगरावांनी पान हातात घेतलं. "मग पित्त जातं कुठे?"

"जाणार कुठे? मागे तुंबतं. यकृतातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर. त्यानं खाज सुटते. या दुखण्यात खाज आधी येते, पिवळेपणा मागून, कधी कधी दोन दोन वर्षांनी. आतड्यात पित्त पोचत नाही, म्हणून शौचाला पांढरं होतं. रक्तातलं पित्त लघवीवाटे जातं, म्हणून ती काळी. पित्त नाही तर तूपतेल पचत नाही, माणूस वाळतो, हाडं ठिसूळ होतात. कंबर दुखते ती त्यानं. पापणीवरचे दाणे म्हणजे रक्तात वाढलेली चरबी साचलीय. सगळ्याचं मूळ एकच. आणि तुंबून तुंबून यकृत हळूहळू घट्ट होत जातं."

"नळ्या बुजतात कशानं?"

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही, की कोणालाच?"

"कोणालाच नाही. चाळिशीच्या आसपासच्या बायकांना जास्त होतं, एवढं पुस्तकात आहे. दारूनं नाही, खड्यानं नाही. पुढचं पान कोरं आहे."

जयसिंगरावांनी पान परत टेबलावर ठेवलं. "आमच्याकडे कारणाचा रकाना कोरा ठेवला तर साहेब फाइल परत पाठवतात."

"आमच्याकडे कोरा ठेवतात," डॉक्टर म्हणाले. "खोटं भरण्यापेक्षा बरं."

तरी जयसिंगरावांनी एकेक कारण काढून समोर ठेवलं. रजई? नाही. बाळ गेलं त्याचा धसका? धसक्यानं नळ्या बुजत नाहीत. विहिरीचं पाणी? घरात तुम्ही तिघंही तेच पिता. उपास? नाही. लागण?

"अजिबात नाही. त्यांच्या ताटात जेवलात तरी नाही."

आता एकच उरलं होतं. जयसिंगरावांनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"आणि हळद?"

"हळदीचं काय?"

"मी बंद केली. खाण्यातली, लावण्यातली. तीन वर्षं झाली."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. "हा पिवळा रंग रक्तातून येतो, जगदाळेसाहेब. अंगातलं जुनं रक्त रोज मोडतं. त्याचा रंग पित्तात उतरून बाहेर पडतो, तुमच्या आमच्या सगळ्यांच्या. वहिनींच्यात बाहेर पडायची वाट बंद होत चाललीय. हळदीचा आणि याचा काही संबंध नाही. तेल-तूप बेतानं असू द्या, ते पचत नाही. पण हळद खाऊन काही बिघडलं नसतं, आणि बंद करून काही सुधारलंही नाही."

"पण मी इथे असलो, पथ्य नीट झालं, की तिला बरं वाटायचं. हिवाळ्यात वाढायचं."

"कोरड्या थंडीत कातडी सुकते, खाज वाढते. लोकरीच्या कपड्यानं आणखी वाढते. शिवाय हे दुखणं आपलं आपण वरखाली होतं." डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही घरी आलात म्हणूनही बरं वाटत असेल. ते मी नाही म्हणणार नाही."

बरं होण्याचं जयसिंगरावांनी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. व्हिटॅमिनची इंजेक्शनं देऊ, खाजेवर जे आहे ते देऊ. वर्षं किती ते सांगता येत नाही. पुष्कळ नाहीत.

पान खिशात घालून जयसिंगराव निघाले. टांगा न करता चालतच राजवाड्यापर्यंत आले. वाटेत त्यांच्या डोक्यात दुखण्याचं काही नव्हतं. ठेवणीतलं लुगडं नेसून दारात थांबलेली कुमुदिनी होती, आणि तिचं ते विचारणं, हळदीकुंकवाला जायचं आणि हळद नको म्हणायचं?

बाजारात किराण्याच्या दुकानी त्यांनी एक शेर हळद मागितली.

"शादी है क्या भिया घर में?" दुकानदार म्हणाला.

"नहीं. घर में खाने की है."

"एक सेर?"

"तीन साल की बाकी है," जयसिंगराव म्हणाले. दुकानदाराला काही कळलं नाही. त्यानं हळद तोलून दिली.

घरी माडीवर कुमुदिनी खाटेवर उशीला टेकून बसली होती. अक्कासाहेब तिच्या तळपायांना ओल्या फडक्यानं पुसत होत्या. जयसिंगरावांनी पुडा खाली ठेवला, खिशातलं पान काढलं आणि डॉक्टरांनी दाखवलं तसं दाखवलं. देठ, बारीक शिरा, तुंबणं. सुरकुतलेल्या पानावर त्यांचं बोट नीट फिरत नव्हतं. पण त्यांनी काही गाळलं नाही. पुष्कळ वर्षं नाहीत, हेसुद्धा सांगितलं.

कुमुदिनीनं पान उलटसुलट करून पाहिलं. "एवढ्या बारीक नळ्या. त्यात कोण हात घालणार."

"आणखी एक आहे," जयसिंगराव म्हणाले. हे त्यांना जास्त जड गेलं. "हळदीचा काही दोष नव्हता. मी उगीच बंद केली. वैद्यांनी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. तीन वर्षं तुला…"

त्यांना वाटलं ती रडेल, नाहीतर रागावेल. कुमुदिनी अक्कासाहेबांकडे बघत होती आणि अक्कासाहेब फडक्याकडे.

"सच्ची?" कुमुदिनी म्हणाली. "डॉक्टर असं म्हणाले? हळदीनं वाढत नाही?"

"नाही."

"खाल्ली तरी?"

"खाल्ली तरी."

तिनं तोंडाला पदर लावला आणि रडायलाच लागली.

"सांग आता," अक्कासाहेब म्हणाल्या. "नाहीतर मी सांगते. जयसिंग, तुझी राजधानी ग्वाल्हेरला गेली की आमच्या घरात हळद यायची. माझ्या ट्रंकेत डबी आहे. तू आलास की परत ट्रंकेत जायची."

जयसिंगरावांनी आपण आणलेल्या पुड्याकडे बघितलं.

"बिनहळदीचं वरण पांढरं दिसतं हो," कुमुदिनी डोळे पुसत म्हणाली. "सुतकातल्यासारखं. तुम्ही होतात तोवर खाल्लं. तुम्ही गेल्यावर नुसतं चिमूटभर घालायचे. आणि मग हिवाळ्यात खाज वाढायची. मला वाटायचं, झालं, आपल्या हातानंच आपण वाढवतोय. तरी जीभ ऐकायची नाही. तुमचं कार्ड यायचं, आणि मी लिहायचे, पथ्य चालू आहे. या वर्षी तुम्ही पापणी ओढून बघितलीत ना, तेव्हा वाटलं, आता यांना दिसणार. डोळ्यात हळद दिसणार."

जयसिंगराव तिच्याजवळ खाटेच्या कडेला बसले. तीन वर्षं ते उन्हात तिचे डोळे तपासत होते, आणि ती तीन वर्षं चोरासारखी उभी राहत होती.

"म्हणजे मी नाही केलं?" तिनं परत विचारलं.

"नाही."

"तुम्ही पण नाही."

"डॉक्टर म्हणतात, कोणीच नाही."

"मग कशानं झालं?"

"माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही."

कुमुदिनीनं ते पान उशाशी ठेवलं. मग म्हणाली, "एखाद्याचं नाव निघालं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या."

"त्या रजईला दे," अक्कासाहेब म्हणाल्या. "बिचारी धोबिणीच्या घरी मजेत आहे." आणि तिघंही हसली. टाक्यांच्या जागी ताण आला म्हणून कुमुदिनीनं पोट धरलं.

"काय हवंय तुला?" जयसिंगरावांनी विचारलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण असं सरळ त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"अक्षय तृतीया परवा आहे," ती म्हणाली. "चैत्रगौर तोवरच असते. माझ्या घरी हळदीकुंकू करायचंय." आणि मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "पण कोणी येणार नाही."

अडचण दुसरीच होती. बोलावणं कोणी करायचं? ते सवाष्णीनं करायचं असतं. कुमुदिनीला जिना उतरून गल्लीत फिरणं शक्य नव्हतं. अक्कासाहेब विधवा. घरात लेक नाही, सून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगरावांनी कोट घातला, टोपी घातली, आणि कागदावर अकरा घरांची यादी लिहून ते बाहेर पडले. पुरुषानं हळदीकुंकवाचं बोलावणं करत फिरायचं, हे त्या गल्लीत कोणी पाहिलं नव्हतं. पहिलं घर समोरचं. शारदाबाईंचे यजमान प्रतापराव शेळके दात घासत उभे होते.

"या रावसाहेब. सकाळी सकाळी?"

"तुमच्याकडे नाही. वहिनींकडे काम आहे."

शारदाबाई डोईवर पदर घेत बाहेर आल्या. जयसिंगरावांनी कचेरीत साहेबापुढे उभं राहावं तसं उभं राहून सांगितलं, "उद्या संध्याकाळी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. आपण यावं. कुमुदिनीची कावीळ लागणारी नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हळद तिला चालते. तीन वर्षं मी बंद केली होती ती माझी चूक. हळदीचा काही दोष नव्हता."

प्रतापरावांच्या तोंडातलं दंतमंजन बाहेर आलं. "अहो भिया, हळदीकुंकवाचं तुम्ही बोलावताय! मग मंगळागौरीला फुगडी पण तुम्हीच घालणार का?"

"बोलावलंत तर घालीन," जयसिंगराव म्हणाले. शारदाबाई हसल्या नाहीत. त्या जयसिंगरावांच्या हातातल्या यादीकडे बघत होत्या.

अकरा घरी जयसिंगरावांनी हेच, असंच सांगितलं. काही ठिकाणी दाराआड पोरी खिदळल्या. एका घरी बाई बाहेरच आली नाही, आतूनच "बघू" म्हणाली. शेवटच्या घरापाशी त्यांचा आवाज बसला होता. आपली चूक अकरा वेळा मोठ्यानं सांगितली की ती थोडी हलकी होते असं त्यांना वाटलं होतं. ती काही हलकी झाली नाही. पण आता ती सगळ्यांना माहीत होती.

अक्षय तृतीयेला अक्कासाहेबांनी कैरी घालून डाळ वाटली, पन्हं केलं. गौर झोपाळ्यात बसली. कुमुदिनी तेच ठेवणीतलं लुगडं नेसली. ते आता तिला फार मोठं होत होतं, निऱ्या दोन जास्त घ्याव्या लागल्या. पुढ्यात हळदीची आणि कुंकवाची वाटी घेऊन ती पाटावर बसली, भिंतीला टेकून.

जयसिंगराव खाली जाऊन शेळक्यांच्या ओट्यावर बसले. जरा वेळानं अक्कासाहेबही येऊन बसल्या. पुरुषाचं आणि विधवेचं आत काही काम नव्हतं.

पाच वाजले. सव्वापाच झाले. आपल्या घराच्या जिन्याकडे बघून बघून जयसिंगरावांची मान दुखायला लागली.

"कोणी येणार नाही का हो, अक्कासाहेब?"

"गप बस. बायकांना नटायला वेळ लागतो."

तेवढ्यात मागचं दार वाजलं. शारदाबाई बाहेर आल्या, जरीकाठी लुगडं, नाकात नथ. त्यांच्याबरोबर दोन जावा. ओट्यावरून उतरताना त्या जयसिंगरावांना म्हणाल्या, "दोन वर्षं मी बोलावलं नाही. ते मी तिला सांगेन, तुम्ही सांगू नका." आणि जिना चढून गेल्या. मग कोपऱ्यावरच्या दोघी आल्या. मग आणखी चौघी. अकरा घरांपैकी चार घरच्या आल्या नाहीत. जयसिंगरावांना त्यांचा राग आला नाही. तीन वर्षं त्यांचं स्वतःचंही तेच चुकत होतं.

वरून बोलण्याचा आवाज येत होता, मग एकदम हसण्याचा. त्यात कुमुदिनीचं हसू कुठलं ते जयसिंगरावांना ओळखू आलं. बऱ्याच वेळानं बायका उतरल्या, ओटीत हरभरे घेऊन. मग ही दोघं भावंडं वर गेली.

कुमुदिनी पाटावरच होती. दमून घामेजली होती. कपाळावर कुंकवाशेजारी ठसठशीत हळद होती. शारदाबाईंनी दोन्ही हातांनाही लावली होती, कोपरापर्यंत.

"आता बघा की डोळे," ती म्हणाली. "उजेड आहे अजून."

"नाही बघायचे," जयसिंगराव म्हणाले. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिच्या हातचं पन्हं प्याले. त्यानंतर त्यांनी कधीही तिची पापणी ओढली नाही.

कुमुदिनी पुढे दीड वर्ष होती. त्या पावसाळ्यानंतर राजधानी ग्वाल्हेरला गेली, जयसिंगराव गेले नाहीत. त्यांनी इंदुरातच खालच्या जागेवर बदली मागून घेतली. पेट्यांच्या याद्या आता दुसरं कोणी लिहायचं. हिवाळ्यात खाज वाढली की ते तिच्या तळपायांवर गार पाण्याचं फडकं ठेवायचे, सुकलं की बदलायचे. वरणात हळद पडायची. पुढच्या चैत्रात ते पुन्हा टोपी घालून बोलावणं करायला निघाले, तेव्हा कोणी खिदळलं नाही. त्या वर्षी नऊ घरच्या आल्या.

ती कार्तिकात गेली. सकाळी. जयसिंगराव जवळ होते.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. देवासहून एक चुलत सासूबाई आल्या होत्या. त्या शारदाबाईंना म्हणाल्या, "काविळीची बाई आहे. हळद बेतानंच लावा."

जयसिंगराव बाहेर जिन्यावर बसले होते. दार अर्धवट उघडं होतं.

"भरपूर लावा," ते बाहेरूनच म्हणाले.

अक्कासाहेब उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, आणि हळदीचा अख्खा डबा आणून त्यांनी शारदाबाईंच्या हातात दिला.